सात-सहानंतरचा नेम

२९ सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी सुरू होती आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता. गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्या झाल्या, पोटावर झोपून मारायच्या झाल्या. उभं राहून मारायच्या उरल्या होत्या. त्यातली एक गोळी ७.६ वर गेली. जिथं दहाच्या खाली गेलेला प्रत्येक शॉट टोचतो, तिथं सात-सहा म्हणजे कपाळमोक्षच. कुसाळे चौथा आला. सांघिक सुवर्ण त्याच दिवशी त्याच्या वाट्याला आलं होतं, पण वैयक्तिक पदक हातचं गेलं. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. त्या चौथ्या क्रमांकानं देशाला ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला, त्याला स्वतःला मात्र ‘थोडक्यात हुकणारा’ ही ओळख.

दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिक आलं. नेमबाजीची रेंज पॅरिसपासून लांब, शातोरू गावी होती. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळवून कुसाळे सातवा आला आणि आठ जणांच्या अंतिम फेरीत शिरला. १ ऑगस्ट २०२४ च्या त्या फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर तो सहावा होता, झोपून मारलेल्या गोळ्यांनंतर पाचवा. उभ्यानं मारताना तो वर सरकत गेला. मग एकेक नेमबाज बाद होण्याची वेळ आली आणि तिथं त्याच्या रायफलीतून ९.४ चा शॉट सुटला. हांगझोऊ आठवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. त्यानंतरचा शॉट ९.९ होता, त्यापुढचा १०.०. एकूण ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द होता, आत्मविश्वास. पण तो शब्द उच्चारून काहीच उलगडत नाही. चुकीचा शॉट दोन्हीकडे पडला. हांगझोऊत त्यानं पदक नेलं, शातोरूत नेलं नाही. मधल्या काळात या माणसाच्या आत काय जमत गेलं, आणि त्याच सरावानं ते सगळ्यांच्या आत का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात आत्मविश्वासाचा बाजार मोठा आहे. मे महिना आला की ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा’चे फलक लागतात. पाच दिवसांत सभाधीटपणा, सात दिवसांत न्यूनगंडावर मात. मुलं स्टेजवर उभी राहून मोठ्यानं आपलं नाव सांगतात, पालक टाळ्या वाजवतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्यात वाईट काही नाही, मुलांचा वेळ बरा जातो. फक्त यामागचा समज तपासून घ्यायला हवा. आत्मविश्वास हा एकसंध माल आहे, तो बाहेरून आत भरता येतो आणि एकदा भरला की गणितापासून पोहण्यापर्यंत सगळीकडे चालतो, असा तो समज.

कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्यभर शिकवणारे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या समजाला वेगळं वळण दिलं. ‘मी भारी आहे’ या भावनेत त्यांना रस नव्हता. ‘हे अमुक काम, या परिस्थितीत, मला जमेल’ हा विश्वास त्यांनी मोजायला घेतला. त्यासाठी त्यांनी माणसं निवडली ती सापाला विलक्षण घाबरणारी. काही जणांना दुसरा माणूस अजगराच्या जातीचा साप हाताळताना नुसता दाखवला. काही जणांकडून तीच गोष्ट पायरीपायरीनं, सोबत राहून करून घेतली: आधी खोलीत येणं, मग पेटीजवळ जाणं, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हातानं. ज्यांनी स्वतः हात लावला त्यांचा विश्वास सगळ्यात जास्त वाढला. नुसतं पाहणाऱ्यांचाही वाढला, पण तेवढा नाही.

या विश्वासाचे चार झरे बांडुरांनी सांगितले. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम हा सगळ्यात मोठा. आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणं हा दुसरा. ज्याचा शब्द आपण मानतो त्यानं ‘तुला जमेल’ म्हणणं हा तिसरा. आणि चौथा म्हणजे धडधडणारं काळीज, कोरडा पडलेला घसा यांचा आपण लावलेला अर्थ. शिबिरांचा बहुतेक भर तिसऱ्यावर असतो, कारण तो स्वस्त आहे. बांडुरांचा आणखी एक इशारा मात्र शिबिरांच्या कामाचा आहे: ज्याला फक्त सोपं यश मिळत गेलं, तो पहिल्या अपयशालाच मोडतो.

हे झरे सगळ्यांच्या अंगणात सारखे वाहत नाहीत. नेमबाजीकडे पाहिलं की हे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं क्वचित कुठं दिसतं, कारण तिथं मनाची हालचाल दशांशात छापून येते.

उभ्या पोझिशनमध्ये नेमबाज काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. जाड कॅनव्हासचं ताठ जॅकेट, तशीच पँट, सपाट तळाचे बूट. कंबर पुढं काढून डाव्या हाताचं कोपर तो कमरेच्या हाडावर टेकवतो, म्हणजे रायफलीचं वजन स्नायूंऐवजी हाडांनी पेलायचं. गाल लाकडाला लागतो. ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबला. नळी पूर्ण स्थिर कधीच नसते, ती डुलत असते. डुलणं बारीक होत गेलं की बोट ट्रिगरवर दाब वाढवतं. आणि तसं झालं नाही, तर? तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात. अंतिम फेरीच्या शेवटी एकेका शॉटला ५० सेकंद मिळतात. घड्याळ पळत असताना, शेजाऱ्याची गोळी सुटलेली असताना, ‘हा शॉट आत्ता नको’ म्हणून रायफल खाली घेणं ही या खेळातली सगळ्यात अवघड कृती आहे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

माणसाचा स्वभाव उघडा पडतो तो इथंच. चिकित्सक माणूस परिपूर्ण क्षणाची वाट पाहत बसतो. डोळा थकतो, स्नायू थरथरायला लागतो आणि तो उशिरा मारतो. उतावळा माणूस लक्ष्य दिसलं की ट्रिगर ओढतो. भिडस्त माणूस शेजाऱ्याच्या लयीत वाहून जातो. तिघांचे गुण एकच येऊ शकतात, समजा ९.२, पण औषध तिघांना वेगळं लागतं. चिकित्सकाला वेळेची मर्यादा घालून द्यावी लागते. उतावळ्याला गोळी न भरता नुसतं धरून ठेवायला लावावं लागतं. भिडस्ताला गोंगाटात, मुद्दाम लोक उभे करून मारायला लावावं लागतं. चिकित्सकाला उतावळ्याचं औषध दिलं तर तो आणखी थांबेल, आणि वर ‘मला हेही जमत नाही’ ही खूणगाठ बांधून घरी जाईल.

क्रीडा मानसशास्त्रात रॉबिन व्हीली यांनी १९८६ मध्ये याची नीट मांडणी केली. खेळाडूचा एक विश्वास स्वभावातच असतो, तो सहसा हलत नाही. दुसरा त्या दिवसाचा, त्या सामन्याचा असतो. स्वभावानं शंकेखोर असलेला खेळाडू त्या दिवसापुरता ठाम उभा राहू शकतो. त्याचा स्वभाव बदलावा लागत नाही. ही मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे, पण व्यक्तिमत्त्व ‘बदलून’ देण्याची जाहिरात करणाऱ्यांच्या ती अडचणीची आहे.

कुसाळेचं उदाहरण इथं पुन्हा उपयोगी पडतं. अंतिम फेरीच्या दिवशी त्यानं काही खाल्लं नव्हतं, फक्त कोरा चहा घेतला होता आणि काळीज नेहमीपेक्षा वेगळं धडधडत होतं, असं त्यानं नंतर पत्रकारांना सांगितलं. म्हणजे भीती गेलीच नव्हती, आणि तरी गोळ्या दहाच्या आसपास जात राहिल्या. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. आपल्या आईनंतरचं स्थान तो त्यांना देतो. स्वतः तिथं खेळल्यामुळे ‘ऑलिंपिकच्या दिवशी पोटात असंच होतं’ हे शिष्याला सांगायला त्यांना कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती. पोट ढवळणं हे बिघाडाचं लक्षण मानायचं की मोठ्या दिवसाचं, यावर चौथा झरा गोड लागणार की खारट ते ठरतं. ते ठरवायला शेजारी अनुभवी माणूस लागतो.

असा माणूस शेजारी असणं हा परिस्थितीचा भाग झाला. आपल्याकडे याच भागाबद्दल सगळ्यात जास्त भाबडेपणानं बोललं जातं.

कुसाळेचे वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. वर्षभर सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षण झाल्यावर खेळ निवडायचा होता, त्यानं नेमबाजी निवडली. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. (महेंद्रसिंग धोनीही कधीकाळी तिकीट तपासनीस होता, हा योगायोग कुसाळेला प्रिय आहे. धोनीवरचा सिनेमा त्यानं अनेकदा पाहिलाय.) या दोन गोष्टी, निवासी प्रबोधिनी आणि नोकरी, यांचा आत्मविश्वासाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध गोळ्यांचा आहे. एका पात्रता फेरीतच ६० गोळ्या उडतात, सराव तर रोजचा. दर्जेदार गोळ्या परदेशातून येतात आणि महाग असतात. ज्याला प्रत्येक गोळीमागं घरचा खर्च दिसतो, त्याचं बोट ट्रिगरवर मोकळं पडत नाही. ‘स्वतः करून जमणं’ हा पहिला झरा वाहायला आधी करून पाहायची ऐपत लागते.

कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत घ्या. वडील नौदलात होते. दुधाळीच्या रेंजवर ती घडली. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दोन सुवर्णपदकं घेतली. २०१० च्या फेब्रुवारीत वडील गेले. ऑगस्टमध्ये म्युनिकला झोपून मारायच्या ५० मीटर प्रोन प्रकारात ती जगज्जेती झाली, हा मान मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. एवढं होऊनही ऑलिंपिकचं दार उघडलं ते २०२१ मध्ये, टोकियोत, वयाच्या चाळिशीत. तिथं ती ३३ वी आली. मधली अकरा वर्षं सराव, निवड चाचण्या आणि हुकलेले कोटे. तिच्या टोकियोतल्या क्रमांकापेक्षा त्या अकरा वर्षांत रोज सकाळी रेंजवर जाणं हा विश्वासाचा मोठा पुरावा आहे, पण त्याची बातमी होत नाही.

तेजस्विनीची आणखी एक कामगिरी कुठल्याही स्कोअरबोर्डवर नाही. ती कोल्हापूरच्या उषाराजे हायस्कूलची. त्याच शाळेतल्या राही सरनोबतनं आपल्या शाळेतली मुलगी पदकं आणते हे पाहिलं आणि पिस्तूल हातात घेतलं. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात राहीनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. २०१८ मध्ये जाकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. दूरदर्शनवरच्या परदेशी विजेत्याला पाहून ‘वा’ म्हटलं जातं. आपल्याच गणवेशातल्या मुलीला पाहून ‘मग मी का नाही’ म्हटलं जातं. दुसरा झरा असा चालतो.

क्रीडाक्षेत्राबाहेरही हे सापडतं. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या आणि नसलेल्या गावांची लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. ४९५ गावं त्यांनी पाहिली. जिथं सलग दोन वेळा स्त्री सरपंच झाली, तिथं किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षण-नोकरीच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. मुलींसाठी कुठलंही शिबिर भरवलं नव्हतं. रोज ग्रामपंचायतीत एक बाई खुर्चीवर बसलेली त्यांना दिसत होती, इतकंच.

आता परिस्थितीचं उलट टोक. नेमबाज अभिनव बिंद्राच्या घराच्या आवारातच रेंज होती. गोळ्यांची, प्रशिक्षकांची ददात नव्हती. तरी २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला. आपण उभे होतो तिथली फरशी हलत होती, हे त्याला नंतर कळलं. त्यानं काय करावं? घरच्या रेंजमध्ये तशीच हलती फरशी बसवून घेतली आणि तिच्यावर सराव केला. बीजिंग ऑलिंपिकच्या आधी जर्मनीत कमांडोंच्या प्रशिक्षणातल्या ४० फुटी खांबावर तो चढला. अर्ध्यावर पाय लटपटले, तरी वर गेला. ११ ऑगस्ट २००८ ला अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळ्यांत त्याला ४.१ दिसले, रायफलीचं साइट सरकलं होतं. त्यानं ते नीट केलं आणि स्पर्धा खेळला. शेवटच्या शॉटआधी फिनलंडच्या हेन्री हक्कीनेनशी बरोबरी होती. हक्कीनेनचे ९.७ आले, बिंद्राचे १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

बिंद्राला अडचण पैसे खर्चून विकत आणावी लागली. तेजस्विनीच्या दारात ती न बोलावता येत होती. पण यावरून ‘गरिबी माणसाला घडवते’ असा निष्कर्ष काढणारे लेख दिवाळी अंकांतून पुष्कळ येतात, आणि ते दिशाभूल करतात. अडचण उपयोगी पडते ती मोजून दिली तर, आणि परतीची वाट उघडी असली तर. बिंद्राच्या कमरेला दोर होता. ज्याला दोर नसतो तो पडतो, आणि पडलेल्यांवर कुणी लेख लिहीत नाही. शिवाय तो खांब बिंद्राच्या स्वभावाला मानवला. सगळं काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्या माणसाला ताबा सुटण्याची चव देणं हा त्याचा उपयोग. आधीच घाबरट, नवख्या मुलाला तिथं चढवलं तर काय होईल, हे बांडुरांच्या पायऱ्या पाहणाऱ्याला सांगायला नको.

स्वभाव आणि प्रशिक्षक यांची जोडी जुळणं किती निर्णायक असतं हे धावपटू अविनाश साबळेनं दाखवलं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशी नेमणूक झाली. पळायला लागला तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीत, २०१५ मध्ये, वीस वर्षांचा झाल्यावर. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाळ सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. राष्ट्रीय शिबिरात तो परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्याकडेही शिकला. स्नेसारेव कडक शिस्तीचे आणि प्रचंड सराव घेणारे. त्यांच्या हाताखाली इतर धावपटू घडले. साबळेला ती पद्धत झेपली नाही आणि तो अमरीश कुमारांकडे परतला.

परदेशी प्रशिक्षकाला सोडून सैन्यातल्या जुन्या माणसाकडे जाणं हे तेव्हा अनेकांना आडमुठेपणाचं वाटलं असेल. पण आपल्याला काय मानवतं हे ओळखणं आणि त्याप्रमाणे वागणं, यापेक्षा आत्मविश्वासाची वेगळी कसोटी कुठली? २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं ८:११.२० वेळ दिली. सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. १९९४ नंतर प्रथमच केनियाबाहेरच्या धावपटूला त्या शर्यतीत पदक मिळालं. याचा अर्थ स्नेसारेव यांची पद्धत चुकीची होती असा नाही, ती या माणसाची नव्हती.

हीच गोष्ट स्पर्धा परीक्षेच्या वर्गात, नर्सिंगच्या महाविद्यालयात, बँकेच्या काउंटरवर नव्यानं बसलेल्या माणसाला लागू पडते. मुख्य परीक्षा उत्तम पार केलेला खेड्यातला मुलगा मुलाखतीच्या खोलीत अडखळतो. त्याला ‘आत्मविश्वास कमी आहे’ असा शेरा मिळतो. त्याच्या घरात कुणी कधी टेबलापलीकडच्या साहेबाशी वाद घातलेला त्यानं पाहिलेला नसतो. सराव मुलाखत त्याला एक-दोनदा मिळते, शहरातल्या मुलाला जेवणाच्या टेबलावर रोज मिळते. शेरा स्वभावावर मारला जातो, कमतरता सरावाची असते.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मुलाला किंवा मुलीला कुठं घालायचं हे ठरवताना पालकांनी फलकावरची आश्वासनं बाजूला ठेवून वर्गचालकाला थोडं विचारावं. मूल स्वतःच्या हातानं नेमकं काय करणार, चुकल्यावर पुन्हा करायला किती वेळ मिळणार, आणि ते बुजरं आहे की दांडगट हे पाहून शिकवण्यात काय फरक करणार. उत्तर मिळालं नाही तर फी वाचवून गावच्या तलावावर, तालमीत किंवा नाटकाच्या तालमीला पाठवावं. तिथं निदान रोज काहीतरी करून पाहायला मिळतं. आणि सरकारनं पदकानंतरच्या सत्कारांइतकंच लक्ष पदकाआधीच्या गोळ्यांकडे, रेंजच्या वेळांकडे आणि जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांच्या पगाराकडे द्यावं.

पॅरिसच्या पदकानंतर मध्य रेल्वेनं कुसाळेला बढती दिली, राज्य सरकारनं बक्षीस जाहीर केलं. त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी बक्षिसाच्या रकमेवर जाहीर नाराजी व्यक्त केली. रक्कम वाढवण्याबरोबर त्यांची दुसरी मागणी होती ती बालेवाडीच्या क्रीडा संकुलाजवळ फ्लॅट मिळावा ही, म्हणजे मुलाला सरावाला जाणं-येणं सोपं होईल.